मोहाच्या दिवसांतली हजेरी

मार्चचा दुसरा आठवडा उलटला की आमच्या कॉलेजातली मंडला-डिंडोरीकडची मुलं दिसेनाशी व्हायची. होळीला गावी गेलेली परतायचीच नाहीत. स्टाफरूममध्ये त्यावर ठरलेला शेरा असायचा, "रमली असतील तिकडेच, यांना शिकायचंय कुठे?" मग परीक्षेच्या तोंडावर ही मुलं उगवायची ती वैद्यकीय दाखला घेऊन. दाखल्यावर बहुतेक वेळा कावीळ. एका वर्षी ऑफिसातल्या बाबूंनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवून विचारलं, "मॅडम, डिंडोरीचं पाणी इतकं खराब आहे का हो?"

पाण्याचा संबंध नव्हता, मोह गळत होता. मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे, त्यामुळे हे कोडं मला तरी पडायचं कारण नव्हतं. मोहाची फुलं रात्री उशिरापासून सकाळपर्यंत गळतात. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन साफ केलेली असते. अंधार असतानाच टोपल्या घेऊन सगळं घर बाहेर पडतं, कारण ऊन चढेपर्यंत थांबलं तर गुरं आणि हरणं वाट बघत नाहीत. वेचलेली फुलं अंगणात पसरून वाळवायची आणि बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याला घालायची. कोणतं झाड कोणत्या घराचं हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. त्या तीन-चार आठवड्यांत दोन हात कमी पडले तर वर्षभराच्या मीठमिरचीत, औषधपाण्यात फरक पडतो. बऱ्याच घरांत पोराची कॉलेजची फीसुद्धा त्यातूनच निघते. म्हणजे ज्या पैशांवर मुलगा कॉलेजात होता तो पैसा मिळवायला गेला म्हणून कॉलेज त्याची हजेरी कापत होतं. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम करणाऱ्याने मोहाचं झाड पाहिलेलं नसावं.

जबलपूरच्या एका सरकारी कॉलेजात मी नोकरीचा बहुतेक काळ काढला. त्यातली बरीच वर्षं 'समान अवसर प्रकोष्ठ' माझ्याकडे होता. मुलांच्या तोंडी त्याचं नाव 'सेल'. अकराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे 2007 ते 2012 या काळात, विद्यापीठ अनुदान आयोगाने कॉलेजांना असे कक्ष काढायला सांगितलं. तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. सुखदेव थोरात, आपल्या अमरावती जिल्ह्यातले. आमच्याकडे परिपत्रक आलं, प्राचार्यांनी बैठक घेतली आणि "तुम्ही मराठी लोक या कामात बरे असता" असं म्हणून फाइल माझ्या हाती दिली. हे कौतुक होतं की टोमणा, याचा मी फार विचार केला नाही. जिन्याखालची एक खोली मिळाली. एक टेबल, चार खुर्च्या, एक कपाट, आणि पंखा चांगला होता.

आम्ही जबलपूरचे मराठी इथे थोडेच. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथून 1817 मध्ये उठला. पुढे या प्रांताची राजधानी नागपूर होती तोवर, म्हणजे 1956 पर्यंत, नोकरीधंद्यासाठी येणंजाणं चालू राहिलं. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी हे मला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्यामुळे या मुलांचं आपल्याला आतून कळेल असं काही सहकाऱ्यांना वाटायचं. मला ते पटत नाही. आमच्या वाट्याला अल्पसंख्यपण आलं ते ग्रंथालय, गणेशोत्सव, नाट्यमंडळ आणि वडिलांची सरकारी नोकरी घेऊन. खोली भाड्याने मागताना आडनाव ऐकून कोणी आम्हाला दार लावून घेतलं नाही.

खोलीचं मात्र सांगायलाच हवं. 2011 च्या जनगणनेत मंडल्यात 57.9 टक्के आणि डिंडोरीत 64.7 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. बारावीनंतर सायन्स, नर्सिंग, बी.एड., स्पर्धापरीक्षा असं काही करायचं तर तिथल्या मुलांना जबलपूर जवळचं. सरकारी वसतिगृहांत जागा कमी, म्हणून उरलेली मुलं दोघं-तिघं मिळून खोली शोधतात. स्वस्त खोल्या गढ्यात, अधारतालकडे, रांझीकडे. आता हे गढा म्हणजे गोंड राजांचं जुनं राजधानीचं ठिकाण. वर टेकडीवर मदनमहाल. राणीताल दुर्गावतीचा, अधारताल तिच्या मंत्र्याच्या नावाचा असं सगळं शहर सांगतं. विद्यापीठाला 1983 पासून राणी दुर्गावतीचं नाव आहे. आणि त्याच गढ्यात मरावी किंवा धुर्वे आडनावाच्या मुलाने बेल दाबली की "खोली कालच गेली." पाटी तशीच लटकलेली. एक मुलगी मला अगदी शांतपणे म्हणाली होती, "मैडम, रानी का नाम चलता है, रानी की जात नहीं चलती."

राज्य सरकारची आवास सहायता योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना जबलपूरसारख्या मोठ्या शहरात महिना 2000 रुपये मिळतात. योजना चांगली, पण तिला घरमालकाची सही लागते, आणि भाडं रोखीत घेणारे घरमालक कागदावर सही करायला बिचकतात. सेलचं पहिलं उपयोगी काम इथे झालं. चांगला अनुभव आलेल्या घरमालकांची यादी मुलांनीच करायला घेतली. वहीत घरमालकाचं नाव, पाणी किती वाजता येतं, सही देतो की नाही आणि 'चाची अच्छी हैं' असले शेरे. ती वही सेलच्या कपाटातली सगळ्यात जास्त हाताळली गेलेली वस्तू. जुलै-ऑगस्टमध्ये तिच्यासाठी रांग लागायची. आयोगाच्या तपासणी समितीला ती दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कोणत्या शीर्षकाखाली दाखवलंय?"

दुसरं काम फॉर्मचं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही योजना स्वातंत्र्याच्या आधीची, 1944 मध्ये दलित विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली आणि 1948 पासून आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू असलेली. तिच्यावर भाषणं मी पुष्कळ ऐकली, पण फॉर्म भरायला बसलं की खरी ओळख होते. मध्य प्रदेशात तो एमपीटास नावाच्या पोर्टलवर भरतात. आधार, समग्र आयडी, डिजिटल जातप्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, बँकखातं हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. गुणपत्रिकेवर 'उइके' आणि आधारवर 'उईके' असेल तर गाडी तिथेच अडते.

आधाराला जोडलेला मोबाइल हा तर स्वतंत्र अध्याय. एका मुलाचा नंबर वडिलांच्या नावावर, आणि वडील समनापूरच्या पलीकडे अशा गावात जिथे टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही. ठरायचं असं: सकाळी दहाला वडील फोन घेऊन टेकडीवर, इकडे आम्ही कॉम्प्युटरसमोर. बटण दाबायचं, तिकडे ओटीपी पडायचा आणि वडिलांना वाचता येत नसल्यामुळे बरोबर आणलेली धाकटी बहीण आकडे ओरडून सांगायची. दहा मिनिटांत ओटीपी शिळा होतो. वारा असला की 'सात' ऐकू येई की 'साठ', कळत नसे. त्या दिवशी तिसऱ्या खेपेला आकडे लागले आणि जिन्याखालच्या खोलीत टाळ्या पडल्या. तिकडे टेकडीवर मुलीला वाटलं तिला बक्षीस मिळालंय.

हे काम मी करत नव्हते. मला ते जमायचंही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं करायची, आणि सेलचा सगळा नूर त्यांनीच बदलला. शिक्षक टेबलामागे बसला की समोरचं मूल उभं राहतं आणि "कुछ नहीं मैडम" म्हणून निघून जातं. दीदी किंवा भैया बसलेले असले की खुर्ची ओढून बसतं आणि फॉर्मच्या निमित्ताने बाकीचं निघतं: मेसचे पैसे संपलेत, इंग्रजीचा एक शब्द कळत नाही, शिष्यवृत्ती मागच्या वर्षाचीच आलेली नाही, घरी परत जावंसं वाटतं. पहिल्या वर्षी कॉलेज सोडणारी मुलं बहुधा सप्टेंबरच्या आत सोडतात, असं माझं निरीक्षण आहे. नापास होऊन फार कमी जातात. ती जातात कारण दोन महिन्यांत त्यांना नावाने हाक मारणारं कोणी भेटलेलं नसतं. म्हणून माझी खुर्ची मी कपाटाच्या बाजूला नेली आणि टेबल मुलांना दिलं.

पुतण्या अमेरिकेत एका विद्यापीठात शिकवतो. त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्याने मला तिथलं मल्टिकल्चरल सेंटर हौसेने दाखवलं. सोफे, कॉफीचं मशीन, भिंतभर चित्रं, पूर्ण वेळ नेमलेली माणसं. 1968-69 च्या सुमाराला कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी संप केले, इमारती अडवून बसले, तेव्हा अशा जागा तिकडे मिळायला लागल्या. मी विचारलं, "इथे मुलं येऊन करतात काय?" तिथली बाई म्हणाली, बहुतेक जण डबा खातात आणि झोपा काढतात. मला तिचं उत्तर फार आवडलं. आपल्याकडेही या कामाला परंपरा आहे, तिचं नाव बोर्डिंग. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केलं, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह आलं, आणि अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीत बसवली. समाजागणिक वेगळी जागा की सगळ्यांची मिळून एक, हा वाद शंभर वर्षांचा आहे आणि आमच्या जिन्याखालीही तो रोज चालायचा.

वेगळ्या जागेचा एक तोटा मला फार खुपायचा. सेल झाला तसे बाकीच्या विभागांनी हात झटकले. "हा तुमचा विद्यार्थी ना?" म्हणून मुलं माझ्याकडे पाठवली जायची, मग त्याचा प्रश्न रसायनशास्त्राचा का असेना. आणि पाहुणे येणार असले की फोन, "मॅडम, तुमच्या मुलांचा करमा-सैला बसवा ना." डोक्याला मोरपीस, हातात टिपऱ्या, मंत्र्यांच्या स्वागताला दोन रांगा. मुलांना नाचायला आवडतंही, पण त्यांच्या वेळेला, त्यांच्या माणसांत. एका वर्षी नॅकची मूल्यांकन समिती यायची होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीला नाचाच्या यादीत घातलं होतं. तिने सांगितलं, नाचणार नाही, मला कोदो-कुटकीवर पोस्टर लावायचंय. सांस्कृतिक समितीच्या प्रमुखांचं म्हणणं पडलं की पोस्टर काय, कोणीही लावेल. ती हटली नाही. पोस्टर लागलं. भरडधान्यांची मुळं किती खोल जातात, कोदो वर्षानुवर्षं कणगीत कसं टिकतं, ओलं राहिलं तर बुरशीमुळे खाणाऱ्याला गुंगी कशी येते. समितीतले एक प्राध्यापक तिथेच खिळून बसले आणि चहा गार झाला. त्यानंतर नाचाचा फोन आला की मी उत्तर द्यायचे, "मुलांना विचारा, ती हो म्हणाली तर मानधन किती?" मानधनाचा विषय निघाला की बरेच कार्यक्रम आपोआप रद्द होतात.

कौतुकाचं ओझंही मुलांवर टाकू नये, हे मला एका सहलीत कळलं. बरगीच्या बाजूच्या जंगलात नमुने गोळा करायला गेलो होतो. एका सहकाऱ्याने उत्साहाने एका मुलाला पुढे केलं, "हा सांगेल, हे लोक झाडाच्या सालीच्या वासावरून ओळखतात." मुलगा लालबुंद. म्हणाला, "सर, मेरे पिताजी बस कंडक्टर हैं, हम मंडला बस स्टैंड के पीछे रहते हैं." सगळे हसले, तोही हसला. त्याच सहलीत एक बैगा मुलगी होती. तिला खरोखरच निम्म्या झुडपांचे उपयोग माहीत होते आणि तिने तोंड उघडलं नाही, कारण तोंडी परीक्षेत लॅटिन नावाशिवाय गुण मिळत नाहीत हे तिला पाठ होतं. पुढे आम्ही हर्बेरियमच्या कागदावर एक रकाना वाढवला: स्थानिक नाव आणि ते सांगणाऱ्याचं गाव. त्या रकान्याला दोन गुण. बस कंडक्टरच्या मुलाने त्यासाठी आजीला फोन लावला.

मे 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. भिल्ल तडवी समाजातली, स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी. त्याआधी 2016 मध्ये हैदराबादला रोहित वेमुला. दोघांच्या आया मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. या बातम्या सेलमध्ये आल्या तेव्हा मुलं नेहमीसारखी बोलली नाहीत. दोन दिवसांनी एकेक जण येऊन सांगायला लागला. प्रयोगशाळेत "कोटेवाले इधर बैठो" म्हणतात. ग्रुपमध्ये नाव घालत नाहीत. आडनाव विचारून मग 'अच्छा, अच्छा' म्हणतात. लेखी तक्रार मात्र कोणीच देईना, कारण अनुदान आयोगाच्या 2012 च्या नियमांप्रमाणे तक्रार ज्यांच्याकडे जायची तेच त्यांचे प्रॅक्टिकलचे गुण देणारे. मी नियमावर बोट ठेवून बसले असते तर रजिस्टर कोरंच राहिलं असतं आणि आमच्याकडे भेदभाव नाही असा अहवाल वर गेला असता. तसे अहवाल पुष्कळ जातात. आम्ही प्राचार्यांकडे एवढंच मागितलं की प्रॅक्टिकलच्या बॅचा हजेरीक्रमांकाने पाडाव्यात, मुलांनी आपापसात पाडू नयेत. कोणाचं नाव न घेता ते मान्य झालं आणि निम्मी कुरकुर त्याने मिटली. उरलेली निम्मी अशा उपायाने मिटणारी नव्हती.

मोहाचा प्रश्न सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तो सुटला तो जबलपूर जिल्ह्यातल्याच पाटणच्या मुलांमुळे. सुट्टी मागणारा अर्ज आम्ही अनेकदा केला, दरवेळी उत्तर एकच: एका समाजासाठी नियम वाकवता येत नाही. मग एका भैयाच्या लक्षात आलं की मार्च-एप्रिलमध्ये गव्हाच्या कापणीला पाटण, शहपुऱ्याची शेतकऱ्यांची मुलंही गायब असतात. तीही दाखले आणतात, फक्त त्यांना टायफॉइड होतो. सेलच्या मुलांनी त्यांना गाठलं. दोन्हीकडच्या सह्यांचा एक अर्ज तयार झाला: ज्या कोणाला हवं त्याच्यासाठी प्रॅक्टिकल आणि अंतर्गत चाचणीची एक बॅच फेब्रुवारीत, आणि बुडालेल्या तासांसाठी एप्रिलअखेर जादा तास. जातीचा उल्लेख कुठेही नाही. तो लगेच मंजूर झाला, कारण पाटणच्या एका मुलाचे काका कोणीतरी होते. हेही सांगितलंच पाहिजे. त्यानंतर पाटणची पोरं जिन्याखालच्या खोलीत यायला लागली, आधी संकोचून, मग फॉर्म भरून घ्यायला, मग नुसतीच. आमच्यातल्या काहींना ते आवडलं नाही. एक मुलगी म्हणाली, आता इथेही आवाज खाली करून बोलावं लागेल. तिचं चुकीचं नव्हतं. मग शनिवारची दुपार फक्त जुन्या मंडळींची ठरली, बाकी दिवस दार सगळ्यांना उघडं. शाहू महाराज आणि भाऊराव यांच्यात असा समझोता आम्ही आठवड्याच्या वेळापत्रकातच करून टाकला.

आकडे हवे असतील तर देशभरात 2021-22 च्या सर्वेक्षणात उच्चशिक्षणातलं सकल नोंदणी प्रमाण 28.4 होतं, अनुसूचित जमातींचं 21.2. दरी कमी झाली आहे. पण नाव नोंदवणं वेगळं आणि तीन वर्षं काढणं वेगळं. आमच्याकडून गेलेल्यांत नर्स आहेत, पटवारी आहेत, शिक्षक तर भरपूर, एक जण अमरकंटकच्या आदिवासी विद्यापीठात पीएच.डी. करतोय. त्यांचे फोन येतात, लग्नपत्रिका येतात. न टिकलेल्यांचे येत नाहीत. नैनपूरकडची नॅरोगेज 2015 मध्ये बंद झाली आणि ब्रॉडगेज येईपर्यंतच्या वर्षांत बसचं भाडं परवडेना म्हणून त्या पट्ट्यातली किती मुलं गळाली, ते कोणत्याच रजिस्टरमध्ये नाही. सेल भाडं देऊ शकत नव्हता. शिष्यवृत्ती वेळेवर आणू शकत नव्हता. आई आजारी पडली की मुलीला घरी बोलावतात, ते थांबवू शकत नव्हता.

असाच एक मुलगा दुसऱ्या वर्षी गेला होता. नागपूरला बांधकामावर असल्याचं कानावर आलं, पुढे काही नाही. माझ्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात तो दारात उभा. त्याला आयटीआयला प्रवेश घ्यायचा होता, इलेक्ट्रिशियनला, म्हणून टीसी हवी होती. ती दिली. तरी तो जाईना. खिशातून घडी घातलेली पावती काढली आणि म्हणाला, कॉशन मनी राहिलाय. बाबू म्हणाले मुदत संपली, आता मिळत नाही. त्याने कोणत्या नियमाने संपली ते लिहून मागितलं. नियम कोणालाच सापडेना. दोन तास तो बाकावर बसून होता, एकदा बाहेर जाऊन समोसा खाऊन आला. शेवटी बाबूंनी व्हाउचर काढलं, आणि सही करताना मला म्हणाले, "मॅडम, ये आपके सेल की ही देन है."